पाळी गेल्यानंतरची ‘उन्हाळी’

लघवीला जळजळ झाली, की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे आणि धने-जिऱ्याचे पाणी प्यायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. जुन्नर, आंबेगावच्या शिवारात दिवसभर टोमॅटो तोडणाऱ्या किंवा कांदा काढणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे निदान पुष्कळदा खरेही ठरते. ऊन असते, पाणी कमी पडते; आडोसा नसल्याने ती मुद्दामच कमी पाणी पिते, हे वेगळे. मात्र पाळी थांबलेल्या स्त्रीला हाच त्रास पावसाळ्यात आणि थंडीतही वारंवार होऊ लागला, तर त्याचे कारण इस्ट्रोजेनच्या कमतरतेतही शोधावे लागते.

इस्ट्रोजेन हे केवळ पाळीचे आणि गर्भधारणेचे संप्रेरक, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः गर्भावस्थेत मूत्रमार्ग व योनीमार्गाचा खालचा भाग एकाच मूळ ऊतीपासून घडतात. त्यामुळे मूत्रमार्ग, मूत्राशयाचा तळ आणि त्यांना आधार देणारे स्नायू यांनाही या संप्रेरकाचा संदेश पोहोचतो. त्याच्या प्रभावाने आतील अस्तर जाड व ओलसर राहते. मूत्रमार्गाच्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे गादीसारखे जाळे असते, तेही भरलेले राहते आणि लघवी रोखून धरण्यास मदत करते. योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन ही साखर साठते. तिच्या आधारे तेथील लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करतात. दही लावणाऱ्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. या आंबट वातावरणात आतड्यातून आलेल्या ई. कोलाय जिवाणूंना सहसा बस्तान बसवता येत नाही.

इस्ट्रोजेन घटले, की ही सारी व्यवस्था ढासळते. अस्तर पातळ व कोरडे होते, आम्लता ओसरते, जंतूंना मूत्रमार्गाची वाट मोकळी होते. जळजळ, सतत लघवीची भावना, खोकताना थेंब गळणे, संबंधाच्या वेळी वेदना ही लक्षणे त्यातून येतात. अंगातून वाफा येण्याचा त्रास बहुतेकींत काही वर्षांत ओसरतो. हा मात्र उपचारांविना बहुधा वाढत जातो.

वय कमी आहे म्हणून ही शक्यता नाकारू नये. विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात दरवर्षी बाहेरून ऊसतोड टोळ्या येतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला व शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ‘पिशवी काढली’ एवढेच रुग्णाला सांगितले जाते. पण सोबत दोन्ही अंडाशय काढले गेले असतील, तर तिशीतल्या स्त्रीचेही इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळते.

जंतुसंसर्ग झाला असल्यास लघवीची तपासणी व कल्चर करून प्रतिजैविक घ्यावेच लागते. परंतु त्याने आजचे जंतू मरतात, अस्तर सुधारत नाही. त्यासाठी योनीमार्गात लावण्याचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम उपयोगी पडते. १९९३ मध्ये राझ व स्टॅम यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असे क्रीम वापरणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला. औषधविरहित क्रीम वापरणाऱ्यांना ५.९ वेळा. सामान्यतः ते पहिले दोन आठवडे रोज रात्री व नंतर आठवड्यातून दोनदा लावतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात अनेक जणी कंटाळून ते सोडून देतात. पोटातून घेण्याच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या हा त्याला पर्याय नव्हे; त्यांनी लघवी गळणे वाढल्याचेही मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याविना हे क्रीम वापरू नये.

लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. रक्तातील साखरही तपासून घ्यावी. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जुन्नर, घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयांत जाताना शस्त्रक्रियेचे जुने कागद सोबत न्यावेत. अंडाशय काढले की ठेवले, हे त्यातच लिहिलेले असते.