दीड टनाचा जावई

जुने यंत्र विकत घेणे आणि मुलीसाठी स्थळ पाहणे यांत फारसे अंतर नाही, असे आमच्या नानांचे मत आहे. दोन्हीकडे मध्यस्थ गोड बोलतो, दोन्हीकडे वय चोरले जाते, वरच्या रंगरंगोटीने आतले दोष झाकले जातात आणि एकदा का पाहुणा घरात आला की परत पाठवण्याची सोय नसते. फरक इतकाच की जावई आपल्या पायांनी चालत येतो. यंत्राला आणावे लागते. आणि ते यंत्र लाकूडकामाचे, इंग्लंडात घडलेले नि 1,480 किलो वजनाचे असेल, तर ते आणणे म्हणजे काय असते, हे या दिवाळीत वाचकांना सांगावे म्हणतो.

मी नगरला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. सरकारदरबारी आमचे शहर 2024 पासून अहिल्यानगर झाले असले, तरी एस.टी.च्या फाट्यावर उभा असलेला माणूस अजून ‘नगर किती वाजता?’ असेच विचारतो. आमचे मूळ गाव पारनेर तालुक्यात, कल्याण–नगर रस्त्यावर भाळवणीच्या अलीकडे. घराणे सुताराचे. नाना ऐंशीच्या घरात आहेत. थोरला भाऊ, म्हणजे दादा, पन्नाशी ओलांडलेला. गावचे काम तो पाहतो. पुस्तकांच्या वाटेने गेलो तो मी एकटाच.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 साली निघाला. त्यात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते आमच्या आजोबांचेच चरित्र म्हणावे लागेल. शेतकऱ्याचे औत नि गाडी वर्षभर चालती ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचे, हा सुताराचा धंदा. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन बाटेल म्हणून लोक आधी त्याला भ्याले; पण अखेर तो घरोघर गेला आणि लाकडी नांगर माळ्यावर चढला. मग गाडीला रबरी टायर आले, त्यापाठोपाठ ट्रॅक्टर आला. तुंबा, आरे, धाव, रुमणे हे शब्द मी वर्गात शिकवतो, तेव्हा मुले ते परभाषेतले असल्यासारखे वहीत उतरून घेतात. आमच्या घरात मात्र ते भाकरीचे शब्द होते.

राहिले दरवाजे, खिडक्या आणि चौकटी. तेही काम शहरातून येणाऱ्या तयार दारांनी निम्म्यावर आणले. दादाचा उजवा खांदा हाताने रंधा मारून मारून निकामी होत चालला होता. एका तावदानी दाराचे लाकूड साफ करायला त्याला दीड दिवस लागे. त्याचा मुलगा आय.टी.आय. होऊन घरी आलेला. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात त्याला नोकरी मिळण्याजोगी होती.

‘काका, मला हेच काम करायचंय,’ तो मला एकांतात म्हणाला. ‘पण हातानं नाही. यंत्र असेल तर राहतो, नाहीतर दिवाळीनंतर सुप्याला जातो.’

वहिनींचे म्हणणे नेमके उलट. ‘कंपनीत असला तर सोयरीक येते, भावजी. सुताराच्या पोराला कोण पोरगी देतंय आता? तुम्हीच सांगा.’ यावर मराठीचा प्राध्यापक काय बोलणार? नाना तर यंत्राचे नाव काढले की भिंतीकडे तोंड करून झोपत.

पुतण्याची पहिली नजर होती मोठ्या पट्टीकरवतीवर. पण ओंडके चिरणाऱ्या गिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी आदेश दिला, तेव्हापासून या बाबतीत फार कडक धोरण आहे. तेव्हा चिरीव लाकूड बाहेरून आणावे आणि आपण ते साफ करून एका जाडीचे करणारे रंधा-यंत्र घ्यावे, असे ठरले. नव्याचे दरपत्रक चार लाखांच्या पुढे गेले. म्हणून जुने.

या यंत्राची कुळकथा मोठी आहे. इंग्लंडात सॅम्युएल बेंथम याने 1791 आणि 1793 मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांचे हक्क नोंदवले. पुढे पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेलच्या आराखड्यावरून हेन्री मॉड्स्लेने 45 यंत्रे घडवली. 1808 च्या सुमारास जहाजाच्या कप्प्या करण्याचे जे काम 110 कसबी कारागीर करीत, ते तिथे दहा साधे मजूर करू लागले. अमेरिकेत 1828 साली विल्यम वुडवर्थने रंधा-यंत्राचे पेटंट घेतले. त्या एकशे दहांपैकी उरलेल्या शंभर जणांचे काय झाले, असा प्रश्न नानांनी ही हकीकत ऐकल्यावर लगेच विचारला. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आमचे स्थळ मिळाले मुंबईत, रे रोडच्या बाजूला. दारूखाना आणि लकडा बंदर हा सारा परिसर म्हणजे मोडीत निघालेल्या जहाजांचा, लाकडाच्या वखारींचा आणि जुन्या यंत्रांचा बाजार. फर्निचरचा एक जुना कारखाना बंद झाला होता. त्याचा माल एका शेडमध्ये पडून होता. नावाच्या पट्टीवर गाव होते लेस्टर. लाकूडकामाच्या यंत्रांसाठी हे गाव प्रसिद्ध. वॅडकिन ही नामांकित कंपनी 1897 साली निघाली, ती तिथलीच. पुतण्या हरखला. मी त्याला डोळ्यांनी दटावले. स्थळ आवडल्याचे पहिल्या भेटीत दाखवायचे नसते.

मग परीक्षा सुरू झाली. यंत्राचे सारे अंग बिडाचे. बीड म्हणजे आमच्या शेजारचा जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. ते वाकत नाही; तडकते. म्हणून पुतण्याने लहान हातोडीने जागोजागी ठोकून पाहिले. धड बीड खणखणते, तडा असेल तिथे बद्द आवाज येतो. मग मेजावर सरळ पट्टी आडवी-उभी-तिरपी ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघितले. पात्यांचा दांडा हाताने फिरवला. तो गोल आहे ना, याची आधी खात्री केली होती. कारण फार जुन्या यंत्रांत तो चौकोनी असे आणि बोट आत ओढले गेले की हातावर बेतत असे. हाताने लाकूड सरकवायच्या अशा यंत्रांना गोल दांडाच हवा, हे ब्रिटनने 1922 साली नियमानेच ठरवून टाकले. आमच्या पाहुण्याचा दांडा गोल होता, पण एका बाजूचे बेअरिंग खरखरत होते. ती खरखर आम्ही शेठना तीन वेळा ऐकवली. तिसऱ्या वेळी किंमत दोन लाख पंधरा हजारांवरून एक लाख पंच्याऐंशी हजारांवर उतरली.

नानांनी एक अट घातली होती: पितृपंधरवड्यात व्यवहार करायचा नाही. म्हणून घटस्थापना झाल्यावर पैसे दिले आणि यंत्र उचलायला गेलो. तिथल्या हमालांचा मुकादम साताऱ्याकडचा होता. ‘मास्तर, तुम्ही बाजूला व्हा, पाय जाईल,’ म्हणून त्याने मला प्रथम दूर केले. मी मास्तर आहे हे त्याला कोणी सांगितले, देव जाणे. चेनकप्पीने यंत्र वीतभर उचलले, खाली पाइप घातले, पहारीने रेटत दारापर्यंत आणले. तिथून हायड्राने, म्हणजे हल्ली सर्वत्र दिसते त्या फिरत्या यारीने, टेम्पोत ठेवले. दोर वरून न बांधता त्याने खालून, पायांपाशी बांधले. असल्या यंत्राचे वजन वरच्या अंगाला असते. डोके धरून त्याला आवरता येत नाही, पायच धरावे लागतात.

रात्री मुंबई सोडली. कल्याण, मुरबाड, टोकावडे मागे टाकून पहाटे माळशेजच्या घाटाला लागलो. पाऊस सरला होता, पण कड्यावरून पाणी अजून निथळत होते आणि धुके इतके, की समोरच्या गाडीचे दिवे काजव्यासारखे दिसावेत. चालकाने सारा चढ दुसऱ्या गिअरवर काढला. प्रत्येक वळणावर मागून ‘कर्रर्र’ असा आवाज येई आणि पुतण्या खिडकीतून अर्धा बाहेर जाई. ओतूर आले, आळेफाटा आला, चहा झाला. बेल्हे मागे पडले. टाकळी ढोकेश्वरला पोचलो, तेव्हा उन्हे चढली होती. इथवर सारे सुखरूप झाले.

पंचाईत झाली ती अखेरच्या दोनशे फुटांत. गावातली मोरी अरुंद; टेम्पो आत जाईना. हायड्रा बोलवावी तर तिलाही तीच मोरी आडवी. शेवटी यंत्र फळ्यांवरून खाली घेतले आणि पाइपांवर लोटत न्यायचे ठरले. वीस-पंचवीस माणसे जमली. मागचा पाइप सुटला की तो उचलून पुढे घालायचा. पाइप एक हात फिरला की वरचे ओझे दोन हात पुढे जाते, हे गणित शाळेतल्या पोरांनीसुद्धा तेव्हा डोळ्यांनी पाहिले. सपाटीवर बरे चालले होते. आमच्या दाराशी मात्र उतार आहे. तिथे एक पाइप तिरपा झाला आणि दीड टनाचा तो डोलारा हळूच, अगदी हळूच, डावीकडे झुकू लागला. त्या बाजूला दादा खांदा लावून उभा होता.

‘सोड त्येला! मागं हो!’

आवाज नानांचा होता. ते ओसरीवरून केव्हा उठले, कोणी पाहिले नाही. दादा मागे सरला. नानांनी कोपऱ्यात उभे असलेले बाभळीचे जुने जू ओढायला लावले आणि झुकत्या अंगाखाली तिरपे टेकू म्हणून दिले. बाभूळ कुरकुरली, पण मोडली नाही. ‘आता कुनी बळ लावायचं न्हाई. पहार घ्या. येक-येक बोट,’ ते म्हणाले. पुढचा पाऊण तास त्या गल्लीत फक्त त्यांचाच शब्द चालला. यंत्र आत गेले, तेव्हा त्यांच्या धोतरावर ग्रीसचे डाग पडले होते आणि आई ते बघून काही बोलली नाही.

बेअरिंग बदलायची वेळ आली, तेव्हा आणखी एक गंमत झाली. पुतण्याचे पाने मिलिमीटरचे. यंत्राचे बोल्ट इंग्रजी मापाचे. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थने जी आट्यांची पद्धत बसवली, तिच्यातले. पाने घसरू लागले. नानांनी माळ्यावरून एक गंजका डबा काढायला सांगितला. विहिरीवर पूर्वी तेलाचे इंजिन होते, त्याचे पाने होते त्यात. पहिलाच पाना नेमका बसला.

फूटभर जाड काँक्रीटचा ओटा केला, पाणसळ लावून यंत्र समपातळीत आणले, तीन फेजची वीज घेतली. पहिल्यांदा खटका दाबला तर दांडा उलटा फिरला. वायरमन हसला, तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की मोटर दिशा बदलते. तशी केली. मोटरचे फेरे मिनिटाला 1,440. पट्ट्यांनी तिप्पट होऊन दांड्याचे 4,320. पाती तीन, म्हणजे मिनिटाला 12,960 घाव. लाकूड मिनिटाला सहा मीटर सरकते, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर एकेक घाव पडतो. एका दाराचे लाकूड वीस मिनिटांत बाहेर आले.

नानांनी सागवानाची ती फळी उचलली, अंगठ्याचे नख तिच्यावरून ओढले, उजेडाकडे तिरपी धरली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

‘गुळगुळीत हाय,’ ते म्हणाले. ‘पर रेष कुनीकडं चालली ते ह्याला कळत न्हाई. ते पोराला शिकवावं लागंल.’ आणि त्यांनी पुतण्याला जवळ बसवून, लाकूड उलट्या रेषेने आत घातले तर कसे उचकटते, ते दोन तुकड्यांवर दाखवले. दसऱ्याला पूजेत हातरंधा, पटाशी, वाकस, गुण्या मांडली, तेव्हा झेंडूची एक माळ यंत्रालाही गेली. ती नानांनी घातली.

जमाखर्च सांगितल्याशिवाय मध्यमवर्गीय वाचकाचे समाधान होत नाही, माझेही होत नाही. यंत्र 1,85,000, मुंबईची चढाई 6,500, टेम्पो 19,000, बेअरिंग आणि पात्यांची धार 11,400, ओटा 9,000, वीज 24,000, भुसा ओढणारा पंखा 14,000. एकूण 2,68,900 रुपये. यातले दीड लाख माझे. फ्लॅटच्या रंगासाठी ठेवलेले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘भिंती काय, पुढच्या वर्षीही राहतील.’

पुतण्याने सुप्याचे पत्र परत पाठवले. वर्षभरात 31 दारे गेली. दादाचा खांदा पुरता बरा झालेला नाही, पण रात्री झोप लागते म्हणतो. सोयरीक मात्र अजून जुळलेली नाही; वहिनी यंत्राकडे पाहतात ती नजर सासूची असते. कल्याण–नगर रस्त्याने कधी आलात, तर भाळवणीच्या अलीकडे उतरा आणि कोणालाही विचारा, यंत्राचा आवाज कुठून येतो. चहा मिळेल. आणि ओळखीत एखादी मुलगी असेल, कष्टाला न लाजणाऱ्या घरातली, तर वहिनींना जरूर सांगा.