भूल आणि राखण

ऑपरेशन करावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की घरात काळजी सुरू होते. माणूस धडगावच्या डोंगरातला असो की शहाद्याचा, प्रश्न एकच असतो. "भूल दिली अन् माणूस उठलाच नाही तर?"

हा प्रश्न खुळा नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनी याच प्रश्नावर दीडशे वर्षांहून अधिक काळ शोध केला आहे. त्यांना काय सापडले ते पाहू.

झोप वेगळी, भूल वेगळी

झोपलेल्या माणसाच्या पायावर निखारा पडला तर तो ताडकन उठतो. भूल दिलेला माणूस उठत नाही. त्याला दुखत नाही, हे चांगले. पण त्याचा श्वासही मंद होतो. कधी कधी तो थांबतोही. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी त्याची राखण करावी लागते. राखण करणाऱ्या या डॉक्टरला भूलतज्ज्ञ म्हणतात. भूल देऊन तो निघून जात नाही. रोगी जागा होईपर्यंत तो जवळच असतो.

हैदराबादचा शोध

1846 साली अमेरिकेत बोस्टन शहरी ईथर नावाचे औषध हुंगवून लोकांदेखत ऑपरेशन झाले. 1847 साली क्लोरोफॉर्म आले. लोकांना आनंद झाला. पण 1848 च्या जानेवारीतच इंग्लंडात एक 15 वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्मने दगावली. ऑपरेशन काही मोठे नव्हते. पायाच्या बोटाचे नख काढायचे होते.

मग वाद सुरू झाला. राखण कशाची करायची? नाडीची की श्वासाची? काही डॉक्टर म्हणत, आधी हृदय थांबते, म्हणून नाडी पाहा. काही म्हणत, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वास पाहा.

या वादाचा शोध आपल्या देशात झाला. त्या वेळी मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तिथले डॉक्टर एडवर्ड लॉरी यांनी 1888 साली प्रयोग करवले. विलायतेतल्या डॉक्टरांना ते पटले नाहीत. तेव्हा निजामाने 1000 पौंड दिले आणि 1889 साली लंडनचे डॉक्टर ब्रंटन यांना बोलावून घेतले. चारशेहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले. उत्तर आले की आधी श्वास थांबतो, मग हृदय. लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक होत.

पण वाद तिथे मिटला नाही. 1911 साली लेव्ही नावाच्या डॉक्टरांनी दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असली तर हृदयही एकाएकी बंद पडू शकते. म्हणजे दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे होते. त्यातून शहाणपण आले. एकाच गोष्टीवर नजर ठेवून भागत नाही. श्वासही पाहायचा, नाडीही पाहायची. आता क्लोरोफॉर्मची भूल देत नाहीत. त्याहून चांगली औषधे निघाली आहेत.

बोटाला लावायचा चिमटा

करोनाच्या साथीत बोटाला लावायचा चिमटा अनेकांनी पाहिला असेल. 1974 साली जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी त्याची युक्ती शोधली. प्राणवायू भरपूर असला की रक्त लालभडक दिसते. कमी झाला की काळपट होते. चिमट्यातला उजेड बोटातून जातो आणि हा फरक ओळखतो. प्राणवायू कमी होऊ लागला की यंत्राचा आवाज बदलतो. भूलतज्ज्ञ लगेच सावध होतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी नखांचा रंग पुसायला सांगतात.

2009 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ती जगातल्या 8 शहरांत झाली होती. त्यात दिल्लीही होती. चिमटा लावला का, रोगी तोच का, असे प्रश्न ऑपरेशनच्या आधी मोठ्याने विचारायचे, असा नियम तिथे केला. आधी ऑपरेशन झालेल्या दर हजारामागे 15 माणसे दगावत होती. नियम केल्यावर 8 दगावली. नुसते विचारल्याने एवढा फरक पडला!

आपले काम

अर्धी राखण डॉक्टरांची, अर्धी आपली.

पहिली गोष्ट, उपास. घशात दोन वाटा आहेत. एक अन्नाची, एक श्वासाची. एरवी अन्न श्वासाच्या वाटेला जाऊ लागले तर ठसका लागतो. भूल दिल्यावर ठसका लागत नाही. पाटाचे दारे धरणारा झोपला तर पाणी भलत्याच वाफ्यात शिरते, तसे पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात शिरते. त्याने जीव जाऊ शकतो. म्हणून निदान 6 तास आधी भाकर बंद. साधे पाणी 2 तास आधी बंद. डॉक्टरांनी जास्त वेळ सांगितला तर तोच पाळा. पोर रडते म्हणून आजी गुपचूप घास भरवते. ही माया घातकी आहे. चुकून खाल्लेच असेल तर खरे सांगा. ऑपरेशन थोडे पुढे ढकलता येते.

दुसरी गोष्ट, सिकलसेल. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, भिल्ल आणि पावरा घरांत हा आजार बराच आढळतो. प्राणवायू कमी झाला की या रोग्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. थंडीने आणि अंगातले पाणी कमी झाल्यानेही हा त्रास वाढतो. डॉक्टरांना आधी कळले, तर ते रोग्याला ऊब देतात, सलाईन लावतात, प्राणवायूकडे जास्त लक्ष ठेवतात. कळलेच नाही, तर ते काय करणार? म्हणून रक्त तपासून घ्या. सिकलसेलचे कार्ड असेल तर बरोबर न्या.

तिसरी गोष्ट, लपवू नका. बिडी, तंबाखू, मोहाची दारू, दमा, चालू असलेले औषध, वैदूने दिलेला पाला, हलणारा दात, सारे सांगा. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. यात लाज कसली? डॉक्टर तुमचा न्याय करायला बसलेला नाही. त्याला तुमची राखण करायची आहे.

आणि तुम्हीही विचारा, "डॉक्टरसाहेब, भूल कोण देणार? चिमटा लावणार ना?" असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो आपला हक्क आहे.