हाँगकाँगची राखण कोणी केली?

१४ ऑक्टोबर १९४९ रोजी माओंच्या फौजेने कँटन घेतले. पुढच्या काही दिवसांत लाल सैनिक हाँगकाँगच्या सरहद्दीपाशी पोहोचले. मध्ये होती ती शम चुन नदी. नाव नदीचे, पण बऱ्याच ठिकाणी पात्र ओढ्याएवढे. नदीच्या अलीकडे, आपल्या वसाहतीत, ब्रिटिशांनी तीस हजारांच्या आसपास सैन्य उभे केले होते. फौज आली आणि थांबली. १९९७ पर्यंत ती थांबलेलीच राहिली. असे का झाले, हे तपासू लागलो की लष्करी अंदाज बांधण्याच्या शास्त्राची ताकदही कळते आणि मर्यादाही.

ब्रिटिशांची धास्ती अनाठायी नव्हती. ८ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी हल्ला केला आणि नाताळच्या दिवशी, अठराव्या दिवशी, हाँगकाँग पडले. ज्या ‘जिन ड्रिंकर्स लाइन’वर मुख्य भूमीच्या बचावाची भिस्त होती, ती तटबंदी सुरुवातीलाच फुटली. या लढाईत राजपूत आणि पंजाब रेजिमेंटच्या भारतीय पलटणीही होत्या. पुढे एप्रिल १९४९ मध्ये यांगत्से नदीत ‘अ‍ॅमेथिस्ट’ या ब्रिटिश युद्धनौकेवर कम्युनिस्ट तोफांनी मारा केला आणि अ‍ॅटली सरकार खडबडून जागे झाले. कुमक आली. सरहद्दीवरच्या टेकड्यांवर पोलिसांच्या टेहळणी चौक्या उभ्या राहिल्या; पोलीसप्रमुख डंकन मॅकिंटॉश यांच्या नावाने त्या आजही ओळखल्या जातात.

मात्र लंडनच्या सेनाधिकाऱ्यांनी स्वतःची फसवणूक करून घेतली नाही. चीनने पूर्ण ताकदीने चाल केली तर हाँगकाँग राखता येणार नाही, फार तर काही काळ झुंजवता येईल, हे त्यांनी मान्य केले. त्यामुळे दुसऱ्या धोक्यांचा विचार आला: संप, दंगली, नाकेबंदी आणि निर्वासितांचा लोंढा. १९४५ मध्ये सहा लाखांवर आलेली वस्ती १९५० पर्यंत वीस लाखांच्या वर गेली होती. शिवाय वसाहतीची बहुतेक जमीन ‘न्यू टेरिटरीज’मध्ये होती आणि ती १८९८ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतलेली. हाँगकाँगचा खरा प्रश्न स्वराज्याचा नसून चीनशी असलेल्या संबंधांचा आहे, असे गव्हर्नर ग्रँटहॅम यांचे मत होते. ६ जानेवारी १९५० ला ब्रिटनने माओंच्या राजवटीला मान्यता दिली, तीही याच हिशेबात बसणारी.

खरी कसोटी कोरियाच्या युद्धात लागली. ऑगस्ट १९५० मध्ये हाँगकाँगमधल्याच दोन पलटणी तिकडे रवाना झाल्या. वर्ष सरायच्या आत ब्रिटिश आणि चिनी सैनिक कोरियात एकमेकांवर गोळ्या झाडत होते, आणि शम चुनच्या काठी मात्र सामसूम! ताकद होती, वैर होते, संधीही होती. तरीही हल्ला झाला नाही.

उत्तर पेकिंगच्या खातेवहीत होते. हाँगकाँगबाबत दूरचा विचार करायचा आणि त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा, हे चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांचे धोरण. कोंडी झालेल्या चीनला परकी चलन मिळवून देणारी ती खिडकी होती. १९६२ पासून जिवंत डुकरे, कोंबड्या आणि भाजीपाला घेऊन खास जलद मालगाड्या हाँगकाँगकडे धावू लागल्या. १९६३ च्या दुष्काळात तिथल्या नळांना चार दिवसांतून चार तास पाणी येई. १९६५ पासून चीनच्या डोंगजियांग नदीचे पाणी विकत येऊ लागले.

या कथेत आपला गोवाही येतो. हाँगकाँगशेजारची पोर्तुगीज वसाहत मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्या कारभाराखाली होती. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा मुक्त केला. वर्षभराने सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी माओंना डिवचले, की गोव्यातल्या वसाहतवादाची दुर्गंधी मकाव आणि हाँगकाँगपेक्षा वेगळी नव्हती. मार्च १९६३ मध्ये चीनने उत्तर दिले: हे इतिहासाने मागे ठेवलेले प्रश्न आहेत, वेळ आली की वाटाघाटीने सोडवू.

१९६७ मध्ये सांस्कृतिक क्रांतीची झळ हाँगकाँगला लागली. ८ जुलैला शा ताउ कोक या सरहद्दीवरच्या गावात पलीकडून गोळीबार झाला, पाच पोलीस ठार झाले आणि गुरखा पलटण पुढे आली. त्या वर्षीच्या दंगलीत आणि बॉम्बस्फोटांत पन्नासहून अधिक माणसे मेली. पण चीनची फौज हलली नाही आणि मालगाड्याही कायमच्या थांबल्या नाहीत.

ब्रिटिशांनी शत्रूच्या ताकदीचा अंदाज अचूक बांधला. त्याच्या इराद्याचा अंदाज मात्र पलटणी मोजून येणारा नव्हता. तो डुकरांच्या वाघिणी आणि पाण्याचे नळ मोजून येणारा होता. पन्नाशीच्या दशकात शिबंदी कमी करण्यात आली, ती नुसती काटकसर नव्हे. तीस हजार सैनिकांनीही जे साधले नसते ते शेजाऱ्याची गरज साधत होती. अर्थात गरजेची राखण गरज असेतोवरच. १९८२ मध्ये चीनचे नेते देंग यांनी ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंना सुनावले, की मनात आणले तर एका दुपारीच हाँगकाँग घेऊ शकतो. हे १९४९ मध्येही तितकेच खरे होते. गोळी न झाडता हाँगकाँग परत देण्याचा करार पेकिंगला झाला १९ डिसेंबर १९८४ रोजी. गोव्याच्या मुक्तिदिनाला त्या दिवशी तेवीस वर्षे झाली होती.