बडोद्याच्या सहा अक्षरांचा शोध

शोधणाऱ्याला शब्दाचे पहिले अक्षर ठाऊक आहे असे गृहीत धरूनच शब्दकोशांची मांडणी होत आली आहे. त्यामुळे ज्याच्या हाती काही अक्षरे आहेत पण त्यांचा क्रम नाही, त्याला जाडजूड कोशही फारसा उपयोगी पडत नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या राजवटीत १९३१ मध्ये बडोद्यात प्रसिद्ध झालेला ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ हा राज्यकारभाराचा कोश घेतला, तर त्यात इंग्रजी संज्ञांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू आणि फारसी प्रतिशब्द दिलेले आहेत. परंतु आठ भाषांच्या या दालनात शिरण्याचे दार एकच, आणि ते म्हणजे इंग्रजी वर्णानुक्रम.

दिलेल्या अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधण्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी बडोद्याचे जुने इंग्रजी स्पेलिंगच उत्तम उदाहरण ठरते. शहराचे अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा झाले असले, तरी १९०८ मध्ये स्थापन झालेल्या बँकेने आणि १९४९ मध्ये उभ्या राहिलेल्या विद्यापीठाने आपल्या इंग्रजी नावांत ते स्पेलिंग जपले आहे : बी, ए, आर, ओ, डी, ए. ही सहा अक्षरे फिरवून मांडली की परदेशी या अर्थाचा ‘अब्रॉड’ मिळतो आणि जहाजावर चढलेला या अर्थाचा ‘अबोर्ड’ही मिळतो. (बोटीने वारंवार युरोपला जाणाऱ्या सयाजीरावांच्या राजधानीला हा योगायोग शोभून दिसतो, एवढेच, त्यातून आणखी काही काढणे अतिरेकाचे होईल.)

सहा अक्षरांत ‘ए’ दोनदा असल्यामुळे त्यांच्या वेगवेगळ्या मांडण्या ३६० होतात. प्रत्येक मांडणी कोशात शोधणे शक्य असले तरी ते शहाणपणाचे नाही, कारण अक्षरे वाढली की मांडण्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांच्या १९८६ च्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या पुस्तकात याचा सुटसुटीत उपाय समजावून दिला आहे. कोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावायची आणि तयार होणारी ओळ त्या शब्दाची खूण मानायची. ‘अब्रॉड’ आणि ‘अबोर्ड’ या दोहोंची खूण ए-ए-बी-डी-ओ-आर अशी एकच येते, आणि सगळा कोश खुणांच्या क्रमाने लावला की हे शब्द आपोआप शेजारी येऊन बसतात. मेहनत एकदाच करायची, तीही शोधणारा येण्यापूर्वी. सूचीशास्त्राचे सारे मर्म यातच आहे.

दिलेली अक्षरे असलेले, पण त्यांखेरीज आणखीही अक्षरे चालतील असे शब्द हवे असतील, तर मात्र खुणांचा शेजार पुरत नाही. ‘ब्रॉडकास्ट’, ‘डॅशबोर्ड’, ‘लॅब्रॅडॉर’ यांच्या स्पेलिंगमध्ये बडोद्याची सहाही अक्षरे आहेत. ‘कीबोर्ड’ आणि ‘कपबोर्ड’ मात्र या परीक्षेत नापास होतात, कारण त्यांत ‘ए’ एकदाच येतो. संगणकाला प्रत्येक शब्दासाठी सव्वीस होय-नाहींची नोंद ठेवायला सांगितली, तर चाळणी अतिशय वेगाने होते. पण अक्षर आहे की नाही एवढेच त्या नोंदीला कळते, ते किती वेळा आहे हे कळत नाही, आणि म्हणून ‘कीबोर्ड’ तिच्यातून निसटतो. अक्षरांना मूळ संख्या देण्याची युक्ती येथे अधिक नेमकी ठरते. ‘ए’ला २, ‘बी’ला ३, ‘सी’ला ५ या क्रमाने पुढे जात ‘डी’ला ७, ‘ओ’ला ४७ आणि ‘आर’ला ६१ येतात, आणि सहा अक्षरांचा गुणाकार २,४०,८२८ होतो. ज्या शब्दाच्या गुणाकाराला या संख्येने निःशेष भाग जातो, त्यात ही सर्व अक्षरे पुरेशा वेळा असतातच, कारण कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. युक्ती देखणी आहे. मात्र लांब शब्दांचे गुणाकार अवाढव्य होतात, म्हणून व्यवहारात प्रत्येक अक्षराची सरळ मोजणीच अधिक सोयीची पडते.

क्रम बदलून नवे दार उघडण्याचे काम बडोद्यात संगणकाशिवायही झालेले आहे. श्लोकसूची साधारणतः पहिल्या चरणावरून केलेली असते, त्यामुळे ज्याला तिसराच चरण आठवतो तो बाहेरच राहतो. प्राच्यविद्या मंदिराचे गोविंदलाल हरगोविंद भट्ट यांनी वाल्मीकिरामायणाची पादसूची, म्हणजे श्लोकांच्या चरणांची वर्णानुक्रमाने लावलेली सूची, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९६१ आणि १९६६ मध्ये दोन खंडांत आणली. परंपरेने २४,००० श्लोकांच्या मानलेल्या या ग्रंथात चरणांची संख्या लाखाच्या घरात जाते, हे ध्यानात घेतले की त्या कष्टांची कल्पना येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाखाली महाभारताची प्रतीकसूची, म्हणजे अशीच चरणांची सूची, पुढे सहा खंडांत काढली. अशा सूचींना ग्रंथाचे शेपूट समजण्याची आपल्याकडील सवय अन्यायाची आहे.

मराठीसाठी खुणांची यादी करायची झाल्यास आधी एक प्रश्न सोडवावा लागेल, तो म्हणजे एकक कोणते धरायचे. अक्षर हे एकक मानले, तर ‘नवरा’ आणि ‘वानर’ यांचा परस्परांशी काही संबंध नाही, कारण एकात ‘रा’ आहे आणि दुसऱ्यात ‘वा’. वर्ण हे एकक मानून काना सुटा धरला, तर मात्र दोहोंची खूण तंतोतंत एक येते आणि घरोघरी चालणाऱ्या थट्टेला शास्त्राचा आधार मिळतो. शब्दकोड्यांना अक्षराचे एकक पुरेल; भाषेच्या अभ्यासाला वर्णाचेच घ्यावे लागेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतील सुमारे साठ हजार शब्दांपासून या कामाला आरंभ करता येईल, आणि एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने संगणक विभागाला सोबत घेऊन ते अंगावर घ्यावे.