मोटारीतील संगीत

घरी जे गायन गोड लागते तेच मोटारीत ऐकताना तंबोरा हरवतो आणि डग्गा नुसता घुमत राहतो, असा अनुभव पुष्कळांस येतो. महागडा ध्वनिसंच बसवला तरी तक्रार पुरती मिटत नाही. मोटारीत आवाज मोठा करणे सोपे आहे. तो चांगला करणे मात्र कठीण. असे का व्हावे, ते आज पाहू.

पहिला शत्रू गाडीचा स्वतःचाच आवाज. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेते तेव्हा त्यात सेकंदाला ८० स्फोट होतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७० कंपनांचा असतो. म्हणजे एंजिनाची घरघर नेमकी खर्जाच्या शेजारी येऊन बसते. तिच्यात चाकांचा व वाऱ्याचा आवाज मिसळला की हळुवार आलाप झाकला जातो. तो ऐकू यावा म्हणून आवाज वाढवावा, तर तार सप्तकातली तान कानाला टोचू लागते.

दुसरी अडचण जागेची. मोटारीच्या आतील लांबी साधारण अडीच मीटर. ७० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे पाच मीटरांची, म्हणजे गाडीच्या बरोबर दुप्पट. असे काही मोजके स्वर काचांमध्ये कोंडून फुगतात, तर काही जागी ते जवळजवळ नाहीसे होतात. शिवाय काच आवाज परतवते आणि आसनांची गादी तो शोषून घेते. अशी विषम खोली कोणी गाण्यासाठी बांधणार नाही.

तिसरी गोष्ट बसण्याची. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजव्या दारातील कर्णा त्याला डाव्यापेक्षा सुमारे ४० सेंटिमीटर जवळ असेल, तर त्याचा आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित अधिक आधी पोचतो. एवढेसे अंतर क्षुल्लक वाटेल. पण आधी आलेल्या आवाजाचीच दिशा कान खरी मानतो, हे हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली प्रयोगांनी दाखवून दिले. म्हणून गायक समोर न भासता उजव्या दारात बसून गातो. आजच्या संचात जवळच्या कर्ण्याचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडण्याची सोय असते, ती याचसाठी. मात्र ती चालकाला साधली की शेजारच्या प्रवाशाला बिघडते.

चौथी अडचण दाराची. कर्ण्याच्या पडद्यामागून निघणारा आवाज दाराच्या भोकांतून आत आला, तर तो पुढच्या आवाजाला मारक ठरतो आणि खर्ज दुबळा होतो. पत्राही खडखडतो. भोके बुजवून पत्र्याला जड, चिकट थर लावला, तर नव्या कर्ण्यांइतका लाभ कित्येकदा थोड्या खर्चात होतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तारांचे सांधेही गंजतात, ते तपासावेत.

खोक्यावरील आकड्यांना मात्र भुलू नये. गाडी चालू असताना विजेचा दाब सुमारे साडेचौदा व्होल्ट असतो. तेवढ्यावर चालणारा साधा संच चार ओहमच्या एका कर्ण्याला शुद्ध आवाजात वीस-पंचवीस वॅटपलीकडे देऊ शकत नाही, मग खोक्यावर पन्नास छापलेले असोत.

परीक्षा फुकटची आहे. तेरेखोलला जाणाऱ्यांनी केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहताना गाडीचे एंजिन बंद करून एखादे गायन ऐकावे; मग तेच, त्याच आवाजात, धावत्या गाडीत ऐकावे. थांबल्यावरही तंबोरा सापडला नाही, तर दोष संचाचा वा दाराचा. चालताना हरवला, तर दोष घरघरीचा, आणि त्यावर मोठा कर्णा हा उपाय नव्हे.

शेवटी एक विनंती. घरघर झाकण्यासाठी आवाज चढवत नेला, तर कानांची हानी होते; ८५ डेसिबलच्या पुढे दर तीन डेसिबलला ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा होतो. पेडण्याच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर तर समोरच्या गाडीचा भोंगा ऐकू येणे हे कोणत्याही गाण्याहून अधिक अगत्याचे आहे.