पिल्लास औषध पाजण्याची रीत

शेताच्या राखणीस आणलेले कुत्र्याचे पिल्लू पोट फुगून, अंगाने झडून मरते, त्याचे कारण पुष्कळदा जंत हे होय. हे जंत गर्भातच आईकडून येतात. सबब जन्मानंतर 2 आठवड्यांनी व पुढे दर पंधरवड्यास काही काळ औषध द्यावे. मात्रा वजनावर असते. ती पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी.

खरी अडचण पाजण्याची. बैलाची मान उचलून नळकांड्याने पाजण्याची आम्हांस सवय. तीच रीत पिल्लावर केल्यास औषध श्वासनळीत शिरते व फुफ्फुसास सूज येऊन जीव जातो. औषध सांडले तर फिरून देता येते, छातीत गेलेले काढता येत नाही. याकरिता तोंड सरळच ठेवावे. ओठाच्या कोपऱ्यातून गाल व दात यांमधील फटीत बिनसुईच्या पिचकारीने थोडथोडे सोडावे व प्रत्येक घोटास थांबावे. ठसका लागताच हात सोडावा.

गोळी असल्यास ती भाकरीच्या घासात दडवावी. मात्र आमचे मते पहिला घास रिकामा द्यावा, म्हणजे पिल्लाचा संशय जातो. तरीही न खाल्ल्यास जिभेच्या मुळाशी ठेवून तोंड मिटावे व गळा चोळावा. पिल्लाने नाक चाटले म्हणजे गोळी बहुधा उतरली.

विष्ठा रोजच्या रोज खोल पुरावी. तीतील जंतांची अंडी मातीतून पोरांच्या पोटी जातात.