स्त्रीरचित मराठी गीते

स्त्रीरचित मराठी गीते म्हणजे मराठी भाषक स्त्रियांनी स्वतः रचलेली व बहुधा स्वतःच गायिलेली गीते होत. जात्यावरील ओव्या, भुलाबाईची व भोंडल्याची गाणी, पाळणे, लग्नातील धवळे, संत कवयित्रींचे अभंग, आंबेडकरी गीते आणि आधुनिक काळातील स्त्री संगीतकारांच्या चाली यांचा त्यांत समावेश होतो. या परंपरेत गाणारी आणि रचणारी व्यक्ती पुष्कळदा एकच असते. नवी रचना परिचित चालीच्या, परिचित ओळीच्या किंवा परिचित कथेच्या आधाराने उभी राहते. बहुतेक रचना मौखिक असल्यामुळे त्यांच्या कर्त्रींची नावे मात्र क्वचितच नोंदली गेली.

स्वरूप

परिचित गीताला नवे रूप देण्याच्या दोन पद्धती या परंपरेत आढळतात. पहिल्या पद्धतीत चाल कायम राहते व शब्द बदलतात. ओवी, पाळणा व भुलाबाईची गाणी या प्रकारांत मोडतात. चाल साऱ्या गावाला ठाऊक असते, त्यामुळे गाणारीचे सारे लक्ष शब्दांवर राहू शकते. दुसऱ्या पद्धतीत शब्द कायम राहतात व चाल किंवा गायनाची रीत बदलते. अभंगांना दिलेल्या नव्या चाली आणि बैठकीच्या लावणीतील अदाकारी ही या पद्धतीची उदाहरणे होत. बैठकीच्या लावणीत गायिका एकच ओळ पुनःपुन्हा घेऊन दर वेळी तिच्यातून निराळा भाव प्रकट करते. लावणीचे शब्द बहुधा होनाजी बाळा, राम जोशी, पठ्ठे बापूराव अशा पुरुष शाहिरांचे असत. असे असले तरी त्या शब्दांचा अर्थ श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम गायिकेच्या प्रतिभेवर अवलंबून असे. पद्मश्रीने सन्मानित यमुनाबाई वाईकर या बैठकीच्या लावणीच्या ख्यातनाम गायिका होत्या.

प्राचीन उल्लेख

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या इ.स. ११२९च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' (अभिलषितार्थचिंतामणी) या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. 'ज्ञानेश्वरी' इ.स. १२९०मध्ये रचली गेली. म्हणजेच ओवी हा ग्रंथरचनेचा छंद म्हणून प्रतिष्ठा पावण्यापूर्वी किमान दीडशे वर्षे ती स्त्रियांच्या श्रमाशी जोडलेली होती.

मराठीतील आद्य कवयित्री मानली जाणारी महदाइसा (महदंबा) ही तेराव्या शतकातील महानुभाव पंथाची अनुयायी होती. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहसोहळ्याच्या प्रसंगी विदर्भातील रिद्धपूर येथे तिने 'धवळे' रचून गायिले, असे पंथाची परंपरा सांगते. धवळे हा लग्नात वराला उद्देशून गायिल्या जाणाऱ्या गीतांचा रूढ प्रकार होय. महदाइसेने त्यात श्रीकृष्ण व रुक्मिणी यांच्या विवाहाची कथा गुंफली. घरोघरच्या लग्नगीताचा साचा घेऊन त्यात कथाकाव्य भरण्याचा हा प्रयोग परिचित गीताला नवे रूप देण्याचे मराठीतील एक आद्य उदाहरण ठरतो.

संत कवयित्री

वारकरी परंपरेत मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा व बहिणाबाई यांची अभंगरचना प्रसिद्ध आहे. दार बंद करून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत काढण्यासाठी धाकट्या बहिणीने गायिलेले 'ताटीचे अभंग' मुक्ताबाईंच्या नावावर आहेत. गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी काम करीत. दळण, कांडण, शेणी वेचणे व पाणी भरणे ही कामे त्यांच्या अभंगांचा विषयच बनली आणि त्या कामांत विठ्ठल सोबतीला येतो, ही कल्पना लोकमानसात रुजली. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी विटाळाच्या कल्पनेवरच प्रश्न उपस्थित केला. तुकारामांना गुरू मानणाऱ्या शिऊरच्या बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपल्या संसाराची व पूर्वजन्मांची हकिकत अभंगांतून सांगितली.

अभंगाच्या अखेरीस कवीचे नाव गुंफण्याची रीत असते. तिला नाममुद्रा म्हणतात. या मुद्रेमुळे संत कवयित्रींची नावे शेकडो वर्षे टिकली. तरीही त्यांच्या रचनांना स्वतंत्र ग्रंथाचे स्थान सहजासहजी मिळाले नाही. उदाहरणार्थ, जनाबाईंचे अभंग मुख्यतः नामदेवांच्या गाथेत समाविष्ट झालेले आढळतात.

जात्यावरील ओवी

यांत्रिक गिरण्या येण्यापूर्वी घरातील धान्य पहाटे हातजात्यावर दळले जाई. एक किंवा दोन स्त्रिया समोरासमोर बसून खुंटा धरून जाते फिरवीत आणि मूठमूठ धान्य जात्याच्या तोंडात घालीत. घरातील इतर माणसे झोपेत असताना मिळणारा हा वेळ कष्टाचा असला, तरी मन मोकळे करण्यास सोयीचा होता. स्त्रियांचे जात्याशी सख्य जडले आणि अनेक ओव्यांत जात्याला देव, सखा किंवा मायबाप मानले गेले.

ग्रंथातील ओवीला सामान्यतः साडेतीन चरण असतात. स्त्रियांची ओवी बहुधा दोन ओळींची असते आणि ओळींच्या शेवटी यमक जुळवलेले असते. पहिल्या ओळीसाठी अनेक तयार सुरुवाती उपलब्ध असतात. पहिली ओवी अमुक देवाला, दुसरी आईबापांना अशी मोजणी, वाटेचे किंवा झाडाचे वर्णन, सखीला घातलेली हाक हे त्यांचे नेहमीचे प्रकार. या सुरुवाती कोणा एकीच्या मालकीच्या नसतात. दुसऱ्या ओळीत मात्र गाणारी आपला भाऊ, आपली लेक, आपले दुःख किंवा आपल्या गावातील घटना आणते. पहिली ओळ म्हटली जात असताना दुसरी ओळ मनात जुळवण्यास अवधी मिळतो. गाताना ओळींची पुनरावृत्ती होते, मध्ये 'गं बाई', 'सांगते' यांसारखे पूरक शब्द येतात आणि समोरची स्त्री साथ धरते. अशा रीतीने ठरलेला साचा व उत्स्फूर्त रचना यांचा मेळ बसतो.

ओव्यांचे विषय व्यापक आहेत. सीतेचा वनवास, पंढरीची वारी, माहेरची ओढ, सासुरवास, लेकीचा जन्म, नवऱ्याची मारहाण, दुष्काळ व दारिद्र्य हे सारे त्यांत येते. सीतेच्या ओव्यांत रामाच्या निर्णयाला दोष देणारा सूर वारंवार उमटतो. परिचित रामकथा स्त्रियांनी आपल्या बाजूने पुन्हा सांगितल्याचे ते उदाहरण आहे. उघडपणे बोलता न येणारी गोष्ट सीतेच्या नावे गाता येत असे.

विदर्भ व मारेगाव परिसर

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हे वणी व झरी जामणी या तालुक्यांच्या शेजारचे तालुक्याचे ठिकाण आहे. कापूस हे या भागातील प्रमुख पीक असून निंदण व वेचणी ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात. मराठीभाषक समाजांबरोबरच गोंड व कोलाम या आदिवासी समाजांची वस्ती या परिसरात आहे. गोंडी व कोलामी या द्राविडी कुळातील भाषा असून त्यांची स्वतंत्र गीतपरंपरा आहे. कोलाम जमातीची गणना महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. कोलामी भाषेला स्वतःची रूढ लिपी नसल्याने या समाजातील स्त्रियांची गाणी स्मरणातूनच पुढच्या पिढीकडे जातात.

विदर्भात व खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागिरीपर्यंत, भुलाबाईचा उत्सव होतो. भुलाबाई ही पार्वतीचे व भुलोजी हे शंकराचे लोकरूप मानले जाते. मुली संध्याकाळी घरोघरी जमून टाळ्यांच्या किंवा टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात व शेवटी झाकून आणलेला खाऊ ओळखतात. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा या खेळाशी त्याचे साम्य आहे. भुलाबाईची गाणी साखळीसारखी वाढतात. सासू, सासरा, दीर, नणंद अशी नाती एकेका कडव्यात येतात आणि प्रत्येकाच्या जागी काहीतरी नवे घालता येते. त्यामुळे एकच गाणे दोन गावांत वेगळे ऐकू येते आणि दोन्ही रूपे सारखीच अस्सल असतात. लहान मुलींसाठी हा खेळ गीतरचनेचा पहिला पाठ ठरतो.

बहिणाबाई चौधरी

जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतातील व घरातील कामे करताना त्या आपल्या बोलीत गाणी रचून म्हणत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी व आप्त पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही गाणी उतरवून घेतली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे 'मानिनी' (१९६१) या चित्रपटातून त्यांच्या रचना घरोघरी पोहोचल्या. जळगाव येथील विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. संग्रहात आलेल्या कविता त्यांच्या एकूण रचनेचा केवळ एक भाग आहेत. जे उतरवले गेले नाही ते त्यांच्याबरोबरच लोपले.

आंबेडकरी गीते

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीबरोबर जुन्या चालींना नवा आशय मिळाला. पूर्वी रामाचा किंवा कृष्णाचा पाळणा गाणाऱ्या स्त्रिया भीमरावांचा पाळणा गाऊ लागल्या. जात्यावरील ओव्यांतही बाबासाहेब, रमाबाई, शिक्षण व १९५६ मधील नागपूरचे धर्मांतर हे विषय आले. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील भीमनगरातून अशा ओव्यांचे मोठे भांडार नोंदवले गेले आहे. एकविसाव्या शतकात एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात समाजमाध्यमांमुळे सर्वदूर पोहोचल्या. कबीर कला मंचातून पुढे आलेल्या शाहीर शीतल साठे या स्वतः गीतरचना करून गातात. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटात त्यांचे गायन आहे.

संगीतकार स्त्रिया

ध्वनिमुद्रण व चित्रपट यांच्या उद्योगात स्त्रियांना गायिका म्हणून मोठे स्थान मिळाले. चाल बांधणाऱ्या स्त्रिया मात्र मोजक्याच राहिल्या. लता मंगेशकर यांनी 'आनंदघन' या टोपणनावाने 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५) व 'तांबडी माती' (१९६९) या चित्रपटांना संगीत दिले. त्यांच्या भगिनी मीना खडीकर यांनी चित्रपटगीते व बालगीते स्वरबद्ध केली. अभिजात संगीतात किशोरी आमोणकर यांनी 'दृष्टी' (१९९०) या हिंदी चित्रपटाला संगीत दिले, तर अश्विनी भिडे-देशपांडे यांनी स्वरचित बंदिशी 'रागरचनांजली' या पुस्तकातून प्रसिद्ध केल्या.

कर्तृत्वाचा प्रश्न

स्त्रीगीते 'लोकगीते' या सामूहिक नावाखाली येतात तेव्हा त्यांची कर्ती 'लोक' ठरते आणि प्रत्यक्ष रचणारी स्त्री दृष्टीआड होते. ओवीत अभंगासारखी नाममुद्रा नसते. ओवी गाणारी भावाचे, लेकाचे किंवा गावाचे नाव घेते, स्वतःचे क्वचितच घेते. सामाईक ओळींचा वापर असल्याने प्रत्येक ओवी एकीचीच आहे, असे म्हणता येत नाही. पण म्हणून ती कोणाचीच नाही, असेही म्हणता येत नाही. कोणती ओळ निवडायची, तिला कोणता जोड द्यायचा आणि कोणत्या प्रसंगी गायची, हे निर्णय गाणारीचेच असतात. त्यामुळे गीताबरोबर गायिकेचे नाव, गाव व वय नोंदवण्याकडे अभ्यासकांचा कल वाढला आहे.

संकलन व जतन

साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या पुस्तकात ओव्या संकलित केल्या. ना. गो. नांदापूरकर, सरोजिनी बाबर व इंदिरा संत यांची संकलनेही महत्त्वाची आहेत. इंदिरा संत यांनी 'मालनगाथा' या ग्रंथातून ओव्यांचे रसग्रहण मांडले. दुर्गा भागवत व तारा भवाळकर यांनी लोकसाहित्याची व त्यातील स्त्रीप्रतिमांची चिकित्सा केली.

पुणे येथील हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील १,०००हून अधिक गावांतून १,००,०००हून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. हा संग्रह २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळावर गायिकांच्या नावांसह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहे. छापील ओवीत न दिसणारी पुनरावृत्ती, पूरक शब्द व साथ या ध्वनिमुद्रणांत ऐकता येतात.

विजेवरील पिठाच्या गिरण्यांमुळे स्त्रियांच्या वाट्याचे मोठे कष्ट कमी झाले. त्याचबरोबर ओवी रचण्याचा रोजचा प्रसंगही नाहीसा झाला. आता लग्नातील हळद दळण्याच्या विधीपुरते जाते अनेक घरांत उरले आहे. ओव्या पाठ असलेल्या पिढीतील बहुतेक स्त्रिया वृद्ध आहेत. शाळा व महाविद्यालयांतील विद्यार्थी आपल्या घरातील आजी, पणजीकडून त्यांच्या संमतीने गाणी ध्वनिमुद्रित करून या संकलनात भर घालू शकतात. अशा नोंदीत गाणे जसे म्हटले गेले तसेच, बोलीतील उच्चार न सुधारता लिहिणे आणि गाणारीचे नाव देणे आवश्यक असते.